पांजणीच्या वेळी बोलू नये

अन्याय झाला तो पेद्दम्मावर. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली त्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळी, गिरणीचा आठचा भोंगा वाजून गेल्यावर, गल्लीत ताणलेल्या सुतावरची खळ पुरती वाळायच्या आत. जागा आमच्या हातमागाच्या कारखान्याचं दार. समोर चौदा माणसं उभी. मालक तिला म्हणाले, "तुझे डोळे गेले. उद्यापासून येऊ नकोस."

डोळे गेले नव्हते. चौदाही जणांना ते ठाऊक होतं, आणि चौदांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. त्या चौदांत मी होतो. दाराच्या चौकटीवर एक पाटी ठोकलेली होती, आणि बोलू नये असंच तिच्यावर लिहिलं होतं. ती पाटी कुणी लिहिली ते पुढे सांगतो. एकदा लपवून पाहिलं आहे, आता लपवणार नाही.

पेद्दम्मा हे काही तिचं नाव नव्हे. तेलुगूत मावशीला, आईच्या थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. आमच्या वस्तीत मागावर बसणारी बहुतेक घरं तेलुगू बोलणारी, आणि त्यांची ती पेद्दम्मा होती म्हणून आम्हा मराठी बोलणाऱ्यांचीही झाली. मुलगा गिरणीत होता, सून होती, घरात खायला होतं. ती कामावर यायची ते पोटासाठी कमी आणि कामासाठी जास्त. "घरी बसले तर सुनेच्या भाकरीत खोडी काढीन, त्यापेक्षा तुमच्या धाग्यात काढते," असं म्हणायची.

मी मूळचा वैरागचा. शाळा उरकून सोलापुरात आलो आणि या बारा मागांच्या कारखान्यात लिहिण्याच्या कामाला लागलो. सुताची खोकी उतरवून घ्यायची, तयार लुगड्यांना चिठ्ठ्या लावायच्या, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहायची. सगळे मला मास्तर म्हणत. रविवारी मी दुसरं काम करायचो. कामगारांच्या हक्कांची हस्तपत्रकं लिहायचो, एका ओळखीच्या छापखान्यात छापून घ्यायचो आणि चहाच्या दुकानांतून वाटायचो. ज्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नाही ते वाक्य भेकड, अशी त्या काळी माझी समजूत होती.

ज्यांनी पांजणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लुगड्याचे उभे धागे म्हणजे ताणा. कोरा धागा मागावर चढवला तर फणीच्या आपटण्यानं तुटतो. म्हणून आधी ताणा गल्लीभर लांब पसरतात, मध्ये मध्ये बांबूच्या कैच्यांवर उचलून धरतात आणि त्याला ज्वारीच्या पिठाची पातळ खळ पाजतात. मग हातभर लांबीचे कुंचे घेऊन दोन्ही बाजूंनी माणसं चालू लागतात. कुंचा एकाच दिशेनं फिरला पाहिजे, आणि धागा न् धागा शेजाऱ्यापासून सुटा राहिला पाहिजे. ऊन चढलं की खळ वाळते, म्हणून उजाडताच सुरुवात करून उन्हाच्या आधी उरकायचं. आमच्याकडे आठ जण कुंच्यावर असत, चार जोड्या. आणि त्यांच्या बरोबरीनं, कमरेत वाकून, ताण्याला जवळजवळ नाक लावून चालायची ती पेद्दम्मा. कमरेला राखेची करवंटी बांधलेली. धागा तुटला की ती ओरडायची, "तेगिंदी!" म्हणजे तुटला. त्यासरशी आठही कुंचे वर. ती चिमूटभर राख बोटाला लावून दोन्ही टोकं अशी पिळून जोडायची की जोड कुठला ते शोधून सापडू नये. मग ओरडायची, "पदंडी!" म्हणजे चला. पुन्हा आठही कुंचे खाली.

या दोन हाकांच्या मधल्या वेळात काय चालायचं? सगळ्या वस्तीची पंचाईत. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या पोरीला अक्कलकोटचं स्थळ आलं, कुणाच्या घरात शेळी शिरून पीठ खाऊन गेली. एखाद्याचा कुंचा जोरात पडायला लागला की पेद्दम्मा म्हणायची, "अरे, घोड्याला खरारा करतोस का धाग्याला कुंचा? बायकोचा राग घरी ठेवून येत जा." तो म्हणायचा, "बायकोच घरी राहत नाही पेद्दम्मा, राग तरी कुठं ठेवू?" खरंच, त्याची बायको समोरच्याच बाजूला कुंचा धरून उभी असायची. तिनं खळीचा एक शिंतोडा त्याच्या तोंडावर उडवला की सगळी गल्ली हसायची.

हे हसणंच मालकांच्या डोळ्यांवर आलं.

मालक वाईट माणूस नव्हता. स्वतः विणकराचा मुलगा. बापाच्या दोन मागांचे त्यानं बारा केले होते, आणि अजूनही फणीचा आवाज ऐकून कुठला माग आजारी आहे ते तो सांगायचा. पण एकदा कुणा ओळखीच्या माणसानं त्याला गिरणीतलं खळीचं यंत्र दाखवलं, आणि तो तिथून भारावून परत आला.

"मास्तर, तिथं एक माणूस तोंड उघडत नाही बघा. मशीन बोलतं, माणूस गप्प. आणि आमच्याकडं? ताण्यावर लग्नं जुळतात!"

मी काय म्हणायला हवं होतं? इथं मशीन नाही, इथं माणसंच मशीन आहेत, म्हणून इथं माणसांनीच बोललं पाहिजे, असं म्हणायला हवं होतं. मी तसं म्हटलं नाही. त्याच महिन्यात मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यात ठणकावून सांगितलं होतं की संघटना म्हणजे शिस्त, आणि जिथे शिस्त नाही तिथे नुसता घोळका असतो. माझंच वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं. मालक म्हणाले, "एक पाटी लिहून दे." मी सुताच्या खोक्याचं रुंद झाकण घेतलं, पांढरा रंग दिला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं:

पांजणीच्या वेळी बोलू नये.

हा नियम मालकांचा. त्याखाली मी स्वतःच्या अकलेनं दुसरा घातला: एक बोलला तर त्या दिवशी सर्वांस घरी जावे लागेल.

मालकांनी विचारलं, "सगळ्यांना कशाला?"

"सामुदायिक जबाबदारी," मी म्हणालो.

शब्द त्यांना कळला नाही, पण त्याचं वजन आवडलं. पाटी दारावर चढली. ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं त्यांना तेलुगूतून समजावून सांगण्यात आली. पेद्दम्मानं एवढंच विचारलं, "आणि धागा तुटला तर?"

"हात वर कर," मालक म्हणाले.

पहिले काही दिवस आम्ही दोघंही खूश होतो. गल्लीत नुसता कुंच्यांचा सरसर आवाज, आणि पांजणी ऊन तापायच्या कितीतरी आधी आटोपलेली. मी मनाशी पुढच्या पत्रकाचा मजकूर जुळवत होतो.

पण खळ दिलेला ताणा मागावर चढून विणायला लागेपर्यंत तीन-चार दिवस जातात. त्यामुळं चूक एका जागी होते, तिचं फळ दुसऱ्याच जागी मिळतं, आणि दोघांची भेट होत नाही. आमच्या मागांवरचा सगळ्यांत जुना विणकर सांगोल्याकडचा, धनगराच्या घरातला. त्याला आम्ही मामा म्हणत असू. एका सकाळी त्यानं माग थांबवला आणि मला हाक मारली.

"मास्तर, ह्यो ताणा हाय का जटा? साधूची जटाबी बरी, इंचरली तर सुटंल तरी."

पाहिलं तर खरंच, ठिकठिकाणी धागे एकमेकांना चिकटून दोऱ्या झालेल्या. एक सोडवावा तर तीन तुटत. तुटलेल्या जागी लुगड्यात उभी विरळ रेघ पडत होती. दुसऱ्या मागावर तेच, तिसऱ्यावर तेच. मागावरचे म्हणाले, पांजणीवाले झोपेत कुंचा मारतात. पांजणीवाले म्हणाले, सूतच नासकं आलंय. सूत रंगवणारा म्हणाला, माझ्या रंगाला नावं ठेवू नका, तुमची खळ पातळ. हे सगळं एकमेकांच्या तोंडावर नव्हे बरं का. प्रत्येकजण येऊन माझ्या कानात सांगायचा आणि मी ते मालकांच्या कानात सांगायचो. बारा माग, आठ कुंचे, एक रंगारी, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाटी दारावर होती, पण बंदी आतपर्यंत पोचली होती.

मग बार्शीच्या व्यापाऱ्यानं लुगड्यांचं गाठोडंच परत पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, माल लग्नसराईचा आहे, नवरीच्या लुगड्यात उभी रेघ दिसली की तिकडच्या बायका अपशकुन मानतात, पुढचा माल असाच आला तर आम्ही दुसरा कारखाना पाहू. मालकांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली आणि विचारलं, "तुटलेला धागा बघायचं काम कुणाचं?"

काम पेद्दम्माचं होतं. म्हणून तो सोमवार उगवला.

तिनं वाद घातला नाही. कमरेची राखेची करवंटी सोडली, दाराच्या पायरीवर ठेवली आणि निघून गेली. वाकून काम करणारी बाई गल्लीतून जाताना मात्र ताठ चालली होती. करवंटी तिथंच राहिली. तिला कुणी हात लावेना.

मी भडकलो. आणि भडकलो की मला एकच काम येतं, ते मी केलं. त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा होता: म्हातारीचे डोळे की मालकाची हाव? आत मालकांना जे जे म्हणता येईल ते सगळं म्हटलं होतं. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही म्हटलं, आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होऊन मी ते चहाच्या दुकानात मोठ्यानं वाचलं. ऐकणारे म्हणाले, मास्तर, जहाल लिहिलंय. मग मी एक प्रत घेऊन पेद्दम्माच्या घरी गेलो.

ती ओट्यावर बसून रहाटावर शेजारणीच्या सुताच्या कांड्या भरत होती. रहाट थांबवला नाही. म्हणाली, "वाच." मी वाचलं, उद्गारचिन्हांसकट. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तिनं विचारलं, "चांगलं लिहिलंस. पाटी कुणी लिहिली होती?"

"मी."

"मग ह्या कागदात तू कुठं आहेस?"

मी कागदाची घडी घातली.

"खालची ओळ? सगळ्यांना घरी पाठवायची? ती मालकानं सांगितली?"

"नाही. ती माझी."

तिनं रहाट थांबवला. "मग ऐक लेकरा. पहिली ओळ एकटीच असती तर मी ओरडलेच असते. मला काढलं असतं, तर काढलं असतं. पण तुझ्या ओळीनं आठ जण घरी गेले असते. त्यात एक पोरगी पोटुशी आहे. म्हणून मी गप्प बसले आणि हात वर करत राहिले. कोण बघणार हात? कुंचेवाल्याचे डोळे धाग्यावर, हात कुंच्यावर. माणसाचा कान तेवढा मोकळा असतो. तुम्ही दोघांनी त्यातच बोळा घातलात." मग पुन्हा रहाट फिरवत म्हणाली, "डोळे गेले म्हणतात आता मला. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली पण विचारते, पेद्दम्मा, दिसतं का गं?"

तिला काय लागलं होतं ते मला त्या भाजीवालीवरून कळलं. काम गेलं हे एक दुःख. पण आयुष्यभर ज्या डोळ्यांच्या जोरावर ती गल्लीत पेद्दम्मा होती, त्या डोळ्यांवर चारचौघांत बट्टा लागला होता, आणि तो माझ्या पत्रकानं पुसला जाणार नव्हता. उलट मथळ्यातच मी तो पुन्हा छापला होता.

मी तिथून मालकांकडे गेलो नाही. धीर झाला नाही, हे लिहून ठेवतो. मी मामाकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

मामा म्हणाला, "म्हंजी ती तिकडं हात वर करत हुती, आन् मी हितं बसून तिच्या नावानं शिव्या घालत हुतो?"

"होय."

"मी येतो उद्या पांजणीला."

हे साधं वाक्य नव्हे. मागावर बसणारा माणूस पांजणीला जात नाही, खळीला हात लावत नाही, अशी आमच्याकडे रीत होती. माग म्हणजे गादी आणि खळ म्हणजे बाहेरचं काम. मामानं इतकी वर्षं लुगडी विणली, पण त्याचा ताणा ज्या गल्लीत तयार व्हायचा तिथे सकाळी तो कधी उभा राहिला नव्हता. आमचा मूळ रोग हाच होता. पाटीनं तो फक्त उघडा पाडला.

दुसऱ्या दिवशी मामा घोंगडी पांघरून भिंतीशी उभा राहिला. पेद्दम्माच्या जागी एक तरुण बाई चालत होती. ताणा निम्मा झाला असेल नसेल, एक धागा तुटला. तिनं हात वर केला. चारी जोड्या खाली माना घालून, कुंचे ओढत, त्या तुटलेल्या टोकांवरून सरळ पुढे निघून गेल्या. मामानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि असा ओरडला की कैचीवर बसलेले कावळे उडाले.

"थांबवा की रं! तुटलाय न्हवं का त्यो!"

आठही कुंचे थांबले. सगळ्यांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग दाराकडे. मालक बाहेर आले.

"धाडा समद्यांस्नी घरी," मामा म्हणाला. "मी बोललो. मलाबी धाडा. मंग कुंचाबी तुमीच मारा आन् मागबी तुमीच चालवा. पर आदी हितं या आन् हे बगा."

त्यानं मालकांचा हात धरून त्यांना ताण्याजवळ वाकवलं. मालक शेवटी विणकराचं पोर. नखानं त्यांनी चिकटलेले धागे वेगळे करून पाहिले. तुटलेलं टोक खळीत भिजून शेजारच्या तीन धाग्यांना बिलगलं होतं. वाळल्यावर त्याची दोरी होणार आणि दोरीची पुढे रेघ, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

तेव्हा मी बोललो. "खालचा नियम माझा होता. पेद्दम्मानं त्याच्यापायी तोंड उघडलं नाही."

मालक उठले. मला वाटलं, आता माझी पाळी. खिशातून त्यांनी माझं पत्रक काढलं. चहाच्या दुकानातून त्यांच्यापर्यंत ते कधीच पोचलेलं होतं.

"ह्यात हाव माझी आहे म्हणून लिहिलंयस. असेल. पण वरचा नियम माझा, खालचा तुझा. एकट्याला नाव कशाला ठेवतोस? चल, दोघं मिळून जाऊ."

आम्ही तिच्या ओट्यासमोर उभे राहिलो. मालक तेलुगूतून म्हणाले, चुकलं. पेद्दम्मा म्हणाली, आणि मला कळावं म्हणून मराठीतून म्हणाली, "इथं नको. जिथं बोललास तिथं बोल. तेवढीच माणसं उभी कर आणि तेव्हाच बोल, भोंगा झाल्यावर."

मालकांचा चेहरा उतरला. घरात येऊन चुकलं म्हणणं सोपं असतं.

"आणखी एक," ती म्हणाली. "मागावरच्या सगळ्यांनी पाळीपाळीनं कुंचा धरायचा. आठवड्यातून एक सकाळ."

"ते ऐकायचे नाहीत."

"मग माझे डोळे गेलेत," ती म्हणाली आणि रहाटाकडे वळली.

मालकांनी दोन्ही अटी कबूल केल्या. पुढचा सोमवार. आठचा भोंगा वाजला. दारात तीच चौदा माणसं, मी मोजून उभी केली. मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले: "पेद्दम्माचे डोळे चांगले आहेत. मी खोटं बोललो." मग त्यांनी पायरीवरची करवंटी स्वतः उचलून तिच्या हातात दिली. तिनं तिच्यात पाहिलं आणि म्हणाली, "राख बदला. हिच्यात कोंबडीनं पाय घातलेत." सगळे हसले, आणि दारावर पाटी असताना हसले. पाटी मी काढली. माझ्या हातानं लावली होती, माझ्याच हातानं काढली.

मागावरच्यांना कुंचा धरायला लावणं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी एकटा मामा आला. त्यानं कुंचा उलट्या दिशेनं ओढला, खळ मिशीला लागून वाळली, आणि पेद्दम्मानं त्याला सोडला नाही.

"मामा, लुगडं विणायचंय, मेंढरू कातरायचं नाही!"

"मेंढरू बरं हुतं पेद्दम्मा, ते निदान वरडतंय. ह्यो धागा गपचिप मरतोय."

"म्हणून तर मी ओरडते."

मामाची ती मिशी बघायला दुसऱ्या दिवशी तिघं आले, आणि बघायला आलेल्यांच्या हातात तिनं कुंचे दिले. आठवड्याभरात रंगारीही येऊन उभा राहिला. दखनी बोलणारा माणूस. "मैं बी आतूं अम्मा," म्हणाला, "रोज मेरेच रंग कू गाली क्यूं पड़ती, जरा देखतूं." त्यानं पाहिलं, तेव्हा त्याला कळलं की तो सूत उन्हात फार कडकडीत वाळवतो, त्यामुळं धागा खळ लागायच्या आधीच ठिसूळ झालेला असतो. दुसऱ्या दिवसापासून तो सूत सावलीत वाळवू लागला. मालकांनी सांगितलं नाही, मीही पाटी लिहिली नाही.

आणि मग एक गोष्ट अशी झाली की ती कुणी सुरू केली ते आजही आम्हाला सांगता येत नाही. जिथे जोड संशयाचा वाटेल तिथे ताण्याच्या काठाला लाल दोऱ्याचा बारीक तुकडा बांधायचा. मागावरच्याला तो दिसला की तो समजतो, इथे हळू चालायचं. म्हणजे गल्लीतली पेद्दम्मा चार दिवसांनंतरच्या मामाशी बोलते. ती घरी जेवत असते आणि तिचा आवाज मागावर पोचतो. पूर्वी आपल्या हातून जोड कच्चा राहिला हे कुणी कबूल केलं असतं का? बोलणी खाल्ली असती. आता लाल दोरा बांधला म्हणून कुणाला कुणी बोलत नाही. न बांधता पुढे सोडला तर मात्र मामा घोंगडी टाकून गल्लीत येतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, मागून नव्हे.

खरं ते सांगतो. पांजणीला आता पाटीच्या दिवसांपेक्षा जास्त वेळ लागतो. थांबणं होतं, हसणं होतं, लग्नंही जुळतात. पण माग थांबत नाहीत. लग्नसराईच्या तोंडावर बार्शीचा व्यापारी स्वतः आला, बैठकीवर बसून लुगडी उलगडली, उजेडाकडे धरली आणि काठापासून काठापर्यंत बोट फिरवत म्हणाला, "नवे माग घातले वाटतं?"

"नवीन काही नाही," मालक म्हणाले. "जुनीच माणसं आता एकमेकांशी बोलतात."

त्यानं पुढच्या सराईचं कामही आमच्याकडेच ठेवलं. दोन माग वाढले. पेद्दम्माच्या हाताखाली आता ती तरुण बाई आणि ती पोटुशी होती ती, अशा दोघी धागे जोडायला शिकतात. या दुसरीच्या मुलीला गल्लीच्या कडेला झोळीत निजवलेलं असतं, आणि पेद्दम्मा "तेगिंदी!" ओरडली तरी ती झोपेतून हलत नाही. सकाळी मी लिहायला बसण्याआधी पाच मिनिटं गल्लीत उभा राहतो. मला त्याहून बरं वाटणारं काम सोलापुरात दुसरं नाही.

पाटीचं काय झालं? ती मुळात खोक्याचं झाकण होती, पुन्हा झाकण झाली. खळीच्या हंड्यावर असते, अक्षरं खाली, वाफेकडे. काळा रंग बराच उडाला आहे. उरलेल्या पत्रकांच्या जाळावर एका दिवसाची खळ शिजली.

तुम्ही हे वाचताय ते बहुतेक कुठेतरी काम करत असाल. कारखाना असेल, दुकान असेल, कचेरी असेल, शाळा असेल. तुमच्या हातात येणारं काम जिथे तयार होतं तिथे उद्या सकाळी जा आणि उभे राहा. रीत नसेल तरी जा. तुमच्या दारावर तुम्ही लिहिलेली पाटी असेल तर दुसऱ्याला सांगू नका, स्वतःच्या हातानं काढा. आणि दुसऱ्यांसाठी गप्प बसलेल्या कुणाला तुम्ही चारचौघांत काही म्हटलं असेल, तर तिच्या घरी जाऊन कानात चुकलं म्हणू नका. जिथे म्हटलंत तिथे, तेवढ्याच माणसांसमोर, त्याच वेळेला ते परत घ्या. या सोमवारी घ्या.